चौदा पावलांची खोली

लेन्सवाल्या काकांच्या दुकानात नुसती मागून लेन्स मिळत नसे. आधी चालून दाखवावं लागे.

गिऱ्हाईक काउंटरशी आलं आणि अमुक लेन्स द्या म्हणालं, की काका चष्मा कपाळावर सरकवून विचारत, फोटो काढणार कुठे? घरात म्हटलं, की पुढचा प्रश्न, घर केवढं? त्यावर कोणी फुटांत सांगायला लागलं की काका हात वर करून थांबवत. "फुटांत सांगताना सगळ्यांचीच घरं वाढतात. चालून दाखवा." काउंटरपासून दारापर्यंतच्या फरशीवर त्यांनी पावलापावलाला पिवळी चिकटपट्टी मारून ठेवली होती. जीभ खोटं बोलते, पाय बोलत नाहीत, असा काकांचा सिद्धांत होता.

तो सिद्धांत भोंगीनं मोडला.

भोंगी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत माईक मध्येच बंद पडला, तर ही तशीच बोलत राहिली आणि शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या शिपायापर्यंत तिचा आवाज पोचला. ढाल मिळाली, नाव मिळालं आणि लेन्सवाल्या काकांच्या दुकानाचं एक कुपन मिळालं. एका लेन्सचं. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज फुटत नसे, ती आता गणिताच्या बाईंनाही मध्येच थांबवून "एक मुद्दा मांडू का?" म्हणायला लागली होती.

मामानं वापरून झालेला कॅमेरा तिला दिला होता, पण त्याच्या लेन्सच्या आत बुरशी धरलेली. प्रत्येक फोटोवर कोळ्याचं जाळं. त्यामुळे कुपन अगदी वेळेवर आलं. लेन्स एकच मिळणार, तिच्यावरच रोजचे फोटोही निघायला हवेत आणि भोंगी कॅमेऱ्यासमोर बोलणार ते व्हिडिओही. तीन आठवडे तिनं मोबाइलवर लेन्सांबद्दल जे सापडेल ते पाहिलं आणि ठरवून टाकलं. पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची लेन्स. त्या लेन्सनं फोटो काढला की माणूस लख्ख आणि मागचं सगळं विरघळून जातं.

मागचं सगळं विरघळून जातं, हे व्हिडिओतलं वाक्य तिनं सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकलं होतं.

कारण तिच्या घरी मागे होते पंखे. तिची आई जळलेल्या पंख्यांच्या मोटरी भरत असे. बाबा दुकानादुकानांतून बंद पडलेले पंखे गोळा करून आणत, आई त्यांतली जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरे, आणि बाबा ते परत पोचवत. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला आईचं टेबल, टेबलामागे पाती काढलेल्या पंख्यांची धडं एकावर एक, कोपऱ्यात पात्यांची चळत, आणि वार्निशचा वास तर असा, की भोंगीच्या वह्यांनाही तो येई. "तुमच्याकडे रंगकाम चालूय का?" असं एका मैत्रिणीनं विचारलं, तेव्हा भोंगी हो म्हणाली होती. चार वर्षं रंगकाम चालू होतं.

तर त्या दिवशी भोंगी आईला घेऊन दुकानात आली. काकांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, की ह्या कॅमेऱ्याचा डोळा लहान आहे, ह्याच्यावर पन्नासची लावली की आहे त्याहून जवळचं दिसतं, मागे सरकायला जागा हवी. माहीत आहे मला, असं भोंगी म्हणाली. तिला सगळंच माहीत असे. काका म्हणाले, मग चाला.

आता घरचं अंतर भोंगीला पक्कं ठाऊक होतं. दारापासून टेबलापर्यंत पाच पावलं. ती पाच पावलं टाकून थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दुकानातल्या बाकावर तिच्या वर्गाची मॉनिटर बसली होती, आपल्या वडिलांबरोबर, कॅमेरा साफ करून घ्यायला. तिनं भोंगीकडे बघून हात हलवला. "हिनंच ती ढाल आणली," असं वडिलांना सांगितलेलंही भोंगीला ऐकू आलं. आणि दोघं बघायला लागली.

एक, दोन, तीन, चार, पाच. पाय थांबेना. सहा. सात. आपण काय करतोय हे तिला कळत होतं, पण भाषणात पाठ केलेलं संपल्यावरही जीभ जशी पुढे जाते तसे पाय पुढे गेले. दहा. अकरा. ती थांबली तेव्हा पायांखाली दुकानाचं पायपुसणं होतं.

"चौदा," काका म्हणाले. "खोली कसली, हॉलच म्हणायचा. मग पन्नासची चालेल."

मॉनिटरच्या वडिलांनी मान डोलावली. आई काउंटरशी कापडी पिशवी धरून उभी होती. तिचे ओठ किंचित हलत होते, मग तेही थांबले. काकांनी ताई, पाणी हवं का विचारलं, तर नको म्हणाली.

घरी जाताना भोंगीनं लेन्सबद्दल इतकं बोलून घेतलं, की आईला बोलायला जागाच राहू नये. चोराच्या मनात चांदणं.

लेन्स लावली आणि पहिल्याच फोटोत घोटाळा कळला. टेबलाशी बसलेल्या आईचा फोटो काढायला गेली, तर आईचं तोंड आलं की हात जायचे आणि हात आले की तोंड जायचं. मागे सरकता सरकता भोंगीची पाठ दाराला लागली, कडी पाठीत रुतली, तरी तेच. मग स्टुलावर कॅमेरा ठेवून स्वतःचा व्हिडिओ घेतला. त्यात कपाळ कापलं गेलं, आणि ती जरा पुढे झुकली की लेन्स घर्र घर्र करत तिचं नाक शोधायला निघे. ती घरघर आवाजातही उतरली. सगळ्यावर कडी म्हणजे, मागचे पंखे विरघळले नाहीत. विरघळायला ते लांब असावे लागतात, हे व्हिडिओवाल्यानं शेवटी सांगितलं होतं, तिथवर भोंगीनं पाहिलंच नव्हतं. पाठीशी चिकटलेले पंखे नुसते सुजले. आईच्या डोक्यामागे कोणीतरी भोपळे रचून ठेवल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर टेबल खोलीत नव्हतं.

पंखेही नव्हते. भिंत मोकळी, झाडलेली, खिळेसुद्धा उपटलेले. टेबल होतं बाहेरच्या सामाईक व्हरांड्यात, जिन्याच्या तोंडाशी, आणि आई तिथे स्टुलावर बसून तार भरत होती. पंख्यांवर चादर टाकलेली.

"हे काय?" भोंगीनं विचारलं.

आईनं हातातली दांडी फिरवणं थांबवलं नाही. फेरे मोजत असताना ती कधीच बोलत नसे. तार गुंडाळायच्या तिच्या यंत्रावरचा फेरे दाखवणारा आकडा फार पूर्वीच बिघडला होता, त्यामुळे शेकडो फेरे ती मनातच मोजे. दोन फेरे इकडेतिकडे झाले तरी पंखा तापतो, असं ती सांगे. फेरे संपले, गाठ मारली, मग ती म्हणाली, "टेबल काढल्यावर दारापासून भिंतीपर्यंत सात होतात. मी मोजली. चौदा काही होत नाहीत गं आपल्या घरात."

एवढंच. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. सामान कमी पडलं तर दुकानदार सांगतो ना, एवढंच आहे शिल्लक, तसं ती म्हणाली.

भोंगीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. म्हणजे दुकानात आईचे ओठ हलत होते ते ह्यासाठी. दिवसभर मोजणारी बाई ती, पोरीची पावलं कशी मोजणार नाही? पाचव्यानंतरचं प्रत्येक पाऊल तिनं मोजलं होतं, आणि पोरगी का थांबत नाही तेही तिला तिथल्या तिथे कळलं होतं.

आता इथे भोंगीनं आईचे पाय धरले असं लिहायला हवं. तसं झालं नाही. ती आत गेली आणि मोकळ्या भिंतीसमोर उभं राहून व्हिडिओ केला. सात पावलांत कपाळ आलं, खांदे आले. छान आला व्हिडिओ. तिनं तो मॉनिटरला पाठवला, मॉनिटरनं अंगठा पाठवला, आणि भोंगीला चक्क आनंद झाला. नंतर त्या आनंदाचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची होती.

तिसऱ्या दिवशी बाबा एक पंखा परत घेऊन आले. दुकानदारानं लावून पाहिला होता, जागच्या जागी गुरगुरत तापला आणि बंद पडला. बाबा हसून म्हणाले, कधी नव्हे ते. आई हसली नाही. व्हरांड्यातून दिवसभर माणसं जात. वरच्या मजल्यावरची आजी विचारी, काय गं, आज बाहेर? पेपरवाला विचारी, पोरं जिन्यावरून उड्या मारत. आई प्रत्येकाला हं म्हणे, आणि एखाद्या हं मध्ये एखादा आकडा पडून जाई.

आईनं पंखा उघडला आणि आपणच भरलेली तार उपसायला सुरुवात केली. लोकांची जळकी तार ती झराझरा ओढून काढी. ही मात्र हळू काढत होती. नवी कोरी, लाल चकचकीत तार तिच्या पायांशी भेंडोळं होऊन पडत होती. भोंगी उंबरठ्यावर उभी होती.

ती कॅमेरा घेऊन सरळ दुकानात गेली.

वाटेत तिनं मनात एकच मागणं मागितलं, दुकानात कोणी नसू दे. दुकान भरलेलं होतं. एक नवराबायको अल्बम चाळत होती, दोन कॉलेजची मुलं, आणि एक जाडजूड फोटोग्राफर. मॉनिटर तेवढी नव्हती, पण तिची जागा भरून निघाली होती.

काकांना वाटलं तक्रार आहे. भोंगी म्हणाली, चालायचंय. आणि ती चालली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या पट्टीवर पाय जुळवून ती उभी राहिली. समोर दारापर्यंत नऊ पट्ट्या मोकळ्या होत्या, आणि त्या नऊ पट्ट्यांकडे सगळं दुकान बघतंय असं तिला वाटलं. खरं तर एकटे काकाच बघत होते.

"त्या दिवशी चौदा होती ना?"

"पाचच होती," भोंगी म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तिचा आवाज काकांनाही जेमतेम ऐकू गेला. "पुढे आईचं टेबल आहे."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. रागावतील असं तिला वाटलं, रागावले असते तर बरंही वाटलं असतं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "आई होती ना बरोबर? ती कशी काही बोलली नाही?"

ह्याचं उत्तर भोंगीला ठाऊक होतं, पण ते दुकानात सांगण्यासारखं नव्हतं.

खोकं उघडलेलं होतं, तेव्हा पन्नासची लेन्स आता वापरलेल्या मालाच्या कपाटात गेली, आणि बदल्यात त्याच कपाटातून काकांनी चोविसाची काढून दिली. चपटी, बरणीच्या झाकणाएवढी, कडेला ओरखडा असलेली. हिच्यात पाच पावलांत माणूसही येतो आणि त्याचं कामही येतं, काका म्हणाले, घरातल्या व्हिडिओला हीच बरी आणि रस्त्यावर फिरतानाही. फक्त एक आहे, ही काही लपवत नाही.

संध्याकाळी भोंगीनं टेबलाचं एक टोक धरलं आणि आईला दुसरं धर म्हणाली. आई नको नको म्हणाली, बाहेर वारा असतो म्हणाली. भोंगीनं ऐकलं नाही. टेबल आत आलं, पंखे आले, वार्निशचा डबा आला. मग भोंगीनं कॅमेरा काढला आणि विचारलं, तुझा व्हिडिओ घेऊ का, भरताना?

"थांब," आई म्हणाली, आणि उठून पंख्यांवर चादर घालायला लागली. टोकं ओढून, नीट, एकही पंखा दिसणार नाही अशी. "तुला मागचं नको असतं ना."

भोंगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हरांड्यातलं टेबल परत आणता आलं होतं, लेन्स बदलून आणता आली होती. हे वाक्य कुठे बदलून मिळणार? तिनं पुढे होऊन चादर काढली. घडी घालायला गेली, तर टोकाला टोक जुळेना, तशीच चुरगळून खाटेवर टाकली. आईनं चादरीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि स्टुलावर जाऊन बसली.

भोंगी दाराशी गेली. पाच पावलं. चौकटीत आईचं तोंड होतं, हात होते, फिरणारी दांडी होती आणि मागे सगळेच्या सगळे पंखे, एकेक स्क्रू मोजता येईल इतके लख्ख.

"आई, त्या दिवशी दुकानात मी..."

आईनं मोकळ्या हाताचं एक बोट वर केलं. थांब, मोजतेय.

भोंगी थांबली. दांडी फिरत राहिली, ओठ हलत राहिले. शेवटी आईनं तार तोडली, गाठ मारली आणि मान वर केली.

"तीनशे चाळीस," ती म्हणाली. "हं, बोल आता. काय म्हणत होतीस?"

ढाल समोरच्या फळीवरच होती. कॅमेरा चालू होता. भोंगीनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं, आणि आई हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिली.