मागच्या ओळीतलं डबडं

‘गंगापूर, गंगापूर! चला, एकच शिट!’ ही हाक मी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा माझ्या अंगावरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. लासूर स्टेशनला बद्रीनाथच्या फोटो स्टुडिओत मला टेबलावर मांडलं होतं आणि बाहेर जीपवाला ओरडत होता. एकच शिट म्हणत तो माणसं कोंबतच राहायचा. जागा संपली असं माणसं कधी मानतच नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

मी एक साधा कॉम्प्युटर. बाजारात कुणालाही मिळतो तसा. बद्रीनाथनं माझ्यात लग्नं भरली, बारशी भरली, जावळं भरली. नवरीपेक्षा मामांचेच फोटो जास्त. माझं पोट भरलं तेव्हा त्यानं नवा आणला आणि मला औरंगाबादला विकून टाकलं. शहराचं नाव तेव्हा तेच होतं.

मला घेतलं रामप्रसादनं. पाचोडकडचा, मेंढपाळाचा मुलगा. सिडकोत भाड्याच्या हॉलमध्ये त्याचा धंदा होता. लोकांचे फोटो, कागद, आवाज जपून ठेवायचे आणि ज्याला जेव्हा हवं तेव्हा मोबाइलवर द्यायचे. लोक त्याला क्लाउड म्हणायचे. त्या दुष्काळात आख्ख्या मराठवाड्यात ढग होता तो एवढाच.

मोठ्यांच्या घरची महागडी यंत्रं त्याच्याकडं नव्हती. आमच्यासारखी साधी घ्यायची, एकाला एक जोडत जायचं. शहर पसरत गेलं तशा आमच्या ओळीही वाढल्या. आमच्यातलं कुणी ना कुणी बिघडणारच, हे तो धरूनच चालायचा. म्हणून प्रत्येक वस्तू तीन यंत्रांत ठेवायची. आम्ही दिवसभर एकमेकांना विचारायचो, ‘आहेस का?’ ‘आहे.’ कुणी गप्प झालं, की त्याच्याजवळचं जे होतं त्याची नवी नक्कल उरलेल्यांनी दुसऱ्या कुणाला द्यायची. रडारड नाही, सुतक नाही.

नवी चकचकीत यंत्रं पुढच्या ओळीत. मी मागं, कोपऱ्यात.

दसऱ्याला रामप्रसादची आई आली, बानाबाई. बोलायला एकदम मोकळी. तिचा नवरा कडूबा उन्हाळ्यात गेला आणि मेंढरं कुणाचंच ऐकेनात. मोबाइलमधली कडूबाची हाक लावली की मात्र माना वर करून मागं यायची. तो मोबाइल टँकरच्या हौदात पडला. आता दसरा झाला की कळप धरणाच्या पाण्याकडं न्यायचा होता, आणि हाक उरली होती फक्त आमच्यात.

“कुठं हाय ह्यांचा आवाज?” तिनं आल्या आल्या विचारलं.

“तीन ठिकाणी हाय, आई. दुष्काळात आपण मेंढरं तीन पाव्हण्यांकडं वाटतो ना, तसं. पुढच्या ओळीत दोन आन् मागं एक.”

“ह्या डबड्यात? ह्ये तर तुझ्या चुलत्यावानी घुर्रघुर्र करतंय.”

“म्हातारं झालंय ते. दसरा झाला की भंगारात.”

“दे, दे. जागा तरी व्हईल.”

मी सगळं ऐकत होतो. घुरघुरणाऱ्याला कान नसतात, असं माणसांना का वाटतं कोण जाणे.

तिनं झेंडूचे हार आणले होते. “हत्यारं पुजल्याबिगर दसरा व्हतो व्हय?” पाऊस नसल्यानं फुलं थोडी, हार पुढच्या ओळीलाच पुरले. मला नुसता हळदीचा ठिपका. खोटं कशाला बोलू, थोडा रुसलोच. हार तिनं बरोबर पुढच्यांच्या तोंडावरच्या जाळीवर बांधले. तिथूनच आम्ही श्वास घेतो. रामप्रसादनं पाहिलं, पण सणाच्या दिवशी आईला कोण अडवणार? हॉलमधला कूलरही कोरडा होता, नळाला पाणीच नव्हतं. सगळे पुरणपोळी जेवायला गेले.

‘आहेस का?’ मी पुढच्यांना विचारलं. उत्तर आलं नाही. पंख्यांनी पाकळ्या ओढून घेतल्या होत्या. तापून तापून हाकेवाली दोन्ही यंत्रं बसली. आता ती हाक जगात एकट्या माझ्याकडं होती. मी शेजारच्याला तिची नक्कल द्यायला लागलो, पण माझी डिस्क तापली, अडखळायला लागली.

जेवून माणसं आली तर हॉलमध्ये जळका वास. रामप्रसाद थेट मोठ्या बटनाकडं धावला.

“दादा, नका!” आमची देखभाल करणारी शालू ओरडली. “मागचं डबडं हाकेची नक्कल देतंय. ते बंद पडलं तर परत उठायचं नाय!”

बानाबाईनं जाळीत अडकलेल्या पाकळ्या पाहिल्या. मग ती माझ्यासमोर बसली आणि पदरानं वारा घालायला लागली. थकलेल्या मेंढराला चालवावं तशी म्हणत राहिली, “चल बाबा. घुर्रघुर्र कर, पर चल.”

जेवणाआधी भंगार, जेवल्यावर बाबा! पण वारा गार होता. मी चाललो. नक्कल पुरी झाली आणि माझी डिस्क अडकली ती कायमची. पंखा तेवढा फिरत राहिला.

आता मला दाराशी ठेवलंय, भंगारवाला येईपर्यंत. माझ्यावाचून काही अडणार नाही, आमची मांडणीच तशी आहे. मागणं एकच. आम्हाला जरूर पुजा, पण आमचं नाक तेवढं मोकळं ठेवा.

शालूनं नव्या मोबाइलमध्ये हाक भरून दिली. निघताना बानाबाईनं माझ्याजवळ उभं राहून ती लावली. “हुर्रर्र, ह्याऽऽ! ह्याऽऽ!” मग क्षणभर नुसता वारा, आणि कडूबाचा रोजचा आवाज. “झालं का, बाने? बंद कर आता, बॅटरी संपंल.”

“आलं का सगळं, आई?” रामप्रसादनं विचारलं.

बानाबाईनं मोबाइल पदराच्या टोकात गुंडाळून गाठ मारली, आणि जिना उतरून गेली.