टपावरच्या आत्याबाई

ही एकोणीसशे चौतीस सालची गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठं काम निघालं की माणसं नागपूरला जायची आणि रोजचं काम अमरावतीत भागवायची. अमरावती-दर्यापूर रस्त्याच्या कडेला नत्थुजी माळ्याचा मळा होता. त्यात मोगरा, झेंडू, वांगी अन् भेंडी व्हायची. त्या वैशाखात त्याची धाकटी लेक कौशल्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि बाळंत काही होत नव्हती.

महिने भरले, त्यावरही दिवस गेले. सुईण आली, पोट चाचपून गेली, पुन्हा आली, चहा पिऊन गेली. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस मळ्यापाशी थांबून विचारायचा, "काय नत्थुजी, काई झालं का?" जसा काही कचेरीतला निकाल लागायचा राहिला होता.

घरात हुकूम चाले तो पार्बताबाईंचा. नत्थुजीची ही थोरली विधवा बहीण, सगळ्यांची आत्याबाई. बाई अडली म्हणजे घरात कुठंतरी काहीतरी बांधलेलं राहिलंय, हे त्यांचं ठाम मत. तसं तेव्हा सगळेच मानत. कळा सुरू झाल्या की बाईची वेणी सोडायची, पेटीचं कुलूप काढायचं, दावणीची गाय मोकळी करायची. पण ते कळा सुरू झाल्यावर. आत्याबाईंनी कळांची वाट पाहिली नाही.

आधी वेण्या सुटल्या, मग कुलपं निघाली. मग बैल, गाय आणि वासरू मोकळं झालं. वासरानं पहाटेच सगळं दूध पिऊन टाकलं आणि घरातला चहा बंद पडला. मोटेचा दोर सोडला तशी मोट विहिरीच्या तळाशी गेली आणि मोगरा सुकायला लागला. बाजेची सुंभं सोडली, तशी कौशल्या जमिनीवर आली. हाराच्या दोऱ्याला गाठ मारावी लागते, म्हणून नत्थुजी बाजारात नुसती सुटी फुलं घेऊन बसला. एका नवरदेवाच्या बापानं विचारलं, "अबे, हार कुठी हाय?"

"हाच हाय," नत्थुजी म्हणाला. "फक्त बांधला नाई. नवरदेवाच्या अंगावर टाकून द्या."

शेवटी धोतरांची पाळी आली. नत्थुजी एका हातानं धोतर धरून चालायचा आणि उरलेल्या हातानं सारा मळा सांभाळायचा. कौशल्याची माय, मनकर्णाबाई, दबल्या आवाजात म्हणाली, "बाई, लोक हासून राहिले."

"हासू दे. तेवढीच तोंडं मोकळी होतात."

कौशल्याच्या मंगळसूत्रापाशी मात्र आत्याबाई थबकल्या. बराच वेळ त्याकडे पाहून म्हणाल्या, "हे राहू दे. हे देवाचं बांधेल हाय."

कौशल्या गुपचूप सगळं करू द्यायची. आत्याबाईंवर तिला रागावता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण शकुन याच घरात, याच खोलीत अडली आणि गेली. नंतर माळ्यावर बियाण्याचं एक गाठोडं सापडलं, जसंच्या तसं बांधलेलं. तेव्हापासून आत्याबाईंनी दुपारची झोप सोडली होती. त्यांच्या मते शकुन त्या गाठोड्यानं गेली. कौशल्याच्या मते अमरावतीच्या दवाखान्यात कोणी नेलं नाही म्हणून गेली. हे ती बोलली नव्हती. बोलायची वेळ आली नव्हती.

तिचा नवरा उत्तमराव अकोल्याहून आला तो पेढ्यांचा डबा घेऊनच. आल्या आल्या आत्याबाईंनी डब्याची दोरी तोडली आणि त्याला ओट्यावर बसवलं. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, पण आजवर जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"जवाईबापू, तुमी अकोल्याले काम कायचं करता?"

"प्रेसमदी हाय ना मी. कापसाचे गठ्ठे बांधतो."

आत्याबाईंचा हात तसाच हवेत राहिला. "बांधता? कायनं?"

"लोखंडी पट्टीनं. मशीन दाबते, मी पट्टी आवळतो."

"रोज?"

"रोजच तं. हंगामात रविवारीबी."

"ऐकलं का व मनकर्णे!" आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "आपन इथी बाजेचं सुंभ सोडून राहिलो, अन् हा बाप्पा तिकडं लोखंडानं आवळून राहिला!"

उत्तमराव साधा माणूस. आपल्या हातून मोठा गुन्हा घडला असं त्याला खरंच वाटलं. "मंग आता काय करू जी?"

"काई करू नका. मुठीबी वळू नका. हात उघडे ठेवा."

तो संध्याकाळपर्यंत तळहात उताणे करून ओट्यावर बसून राहिला. एका वाटसरूनं गरजू समजून त्याच्या ओंजळीत फुटाणे टाकले. वाया जाऊ नयेत म्हणून त्यानं ते खाल्ले. आतल्या खोलीत कौशल्या इतकी हसली की पोट धरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिला हसू आलं नाही. सकाळी उठल्याबरोबर बाळ लाथा मारायचं, ते आज मारेना. तिनं कूस बदलली, पाणी प्यायली, पोटावर बोटांनी टकटक केली. एकदा काहीतरी हललं, तेही झोपेतल्यासारखं.

"माय," तिनं हळूच हाक मारली, "आज हे गप हाय व."

मनकर्णाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. शकुनही असंच म्हणाली होती.

कौशल्या उठून ओसरीवर आली. "बाबा, मले अमरावतीले न्या. बायकांच्या दवाखान्यात. आत्ताच न्या."

"नेतो ना पोरी, नेतो," नत्थुजी धोतर सावरत उठला. "गाडी जुंपतो..." आणि तो बहिणीकडे पाहून थांबला.

"जुंपनं म्हणजे बांधनंच की रे," आत्याबाई म्हणाल्या. "सारं मोकळं केलं, अन् ऐन वक्ताले दोन बैल बांधतो? शकुनच्या वेळेस एकच गाठोडं राह्यलं होतं!"

शिवाय बैल कुठं आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"गाठोड्यानं नाई गेली ते," कौशल्या म्हणाली. आवाज चढला नाही. "तिले कोनी नेलंच नाई. तुमी बसा, मी चालली."

आणि ती निघालीच. मोकळे केस, एक हात कमरेवर, एक पोटाखाली. मागून मनकर्णाबाई, तिच्यामागून उघडे तळहात पुढं धरून उत्तमराव, मग धोतर धरलेला नत्थुजी, मग "थांब व पोट्टे, थांब!" करत आत्याबाई. गाय मोकळीच होती, तीही वासराला घेऊन निघाली.

रस्त्यावर दर्यापूरकडून उतारूंची सर्व्हिस मोटार आली. गाय मधोमध उभी राहिल्यामुळे तिला थांबावंच लागलं. डायव्हरनं कौशल्याकडं पाहिलं आणि शिव्या गिळल्या. "बसा बाई, बसा लवकर. ओ मंडळी, जागा करा!"

कौशल्यानं पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात आत्याबाईंची नजर वर गेली. टपावर वळकट्या, पिपे, मिरच्यांची पोती, एक नवाकोरा पाळणा, सगळं दोरखंडानं गच्च आवळलेलं.

"उतर खाली!" त्या ओरडल्या. "याच्यात नाई बसाचं. आधी वरचं सोडा!"

"सोडलं तं रस्त्यात सांडन ना बाई!"

"सांडू दे!"

"माह्या मिरच्या हायेत त्या!" आतून एकजण ओरडला. दुसरा पिप्यातल्या तेलासाठी ओरडला. आत्याबाई मोटारीच्या पुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गाय त्यांच्या शेजारी उभी राहिली.

आत्याबाईंशी वाद घालायला दुपार लागली असती, आणि कौशल्याजवळ दुपार नव्हती. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमी टपावर बसा. जाता जाता सोडत राहा. मी खाली बसते."

आत्याबाईंनी विचार केला. "अन् सामान पडलं तं?"

"हे धरतीन. ह्याइचे हात मोकळेच हायेत."

अशा रीतीनं साठीच्या पुढच्या पार्बताबाई जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसल्या, त्या टपावर. त्या एकेक दोर सोडत होत्या आणि अकोल्याच्या प्रेसमध्ये गठ्ठे आवळणारा त्यांचा जावई हातपाय पसरून साऱ्या सामानावर पालथा पडून होता. प्रत्येक दोराला वरून हाळी यायची, "सुटलं व कौशल्ये!" एक पोतं फुटलं आणि मोटारीमागं लाल धूळ उडाली. मिरचीवाला खिडकीतून शिंकत शिव्या देत होता. पाळणा एका बाभळीला अडकून राहिला. आत मनकर्णाबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि एक अनोळखी म्हातारी पदरानं वारा घालत होती. कौशल्याला वरचं काही ऐकू येत नव्हतं. ती पोटावर हात ठेवून फक्त आतल्याची चाहूल घेत होती. अमरावतीचा नाका दिसला आणि तिला पहिली कळ आली.

दवाखान्यात डाक्टरीण बाईंनी पोटाला नळी लावली, ऐकलं, आणि घाईनं तिला आत नेलं. बाहेर पायरीवर नत्थुजीला चपराशानं हटकलं, "ओ बाबा, धोतर नीट बांधा." नत्थुजी म्हणाला, "नाई बांधत." चपराशानं पुष्कळ माणसं पाहिली होती, पण असं उत्तर ऐकलं नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी मुलगी झाली. आधी निळी होती, रडली नाही. मग रडली. डाक्टरीण बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "गळ्याला नाळेचे वेढे होते. आम्ही सोडवले. उद्या आणली असती, तर मूल हाती लागलं नसतं."

आत्याबाई मिरचीच्या धुळीनं नखशिखांत लाल झाल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "पाहा! मी म्हनत नव्हती? सारं घर धुंडलं, मोटार धुंडली, अन् बांधलेलं होतं ते पोटात!" मग त्या पायरीवर बसल्या आणि शकुनचं नाव घेऊन, दोन वर्षांत रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या.

नत्थुजी धोतर धरून त्यांच्याजवळ आला. मग हळूच म्हणाला, "बाई, आता बांधू का?"

"बांध," आत्याबाई म्हणाल्या.

नत्थुजीचा मोगरा त्या साली गेला. त्यानं दुसऱ्या वर्षी पुन्हा लावला आणि मरेपर्यंत हार विकले. बैल आठवड्यानं परतवाड्याच्या वाटेवर सापडले. मनकर्णाबाई नातवंडं खेळवत म्हातारी झाली. उत्तमराव पुढं प्रेसमध्ये मुकादम झाला आणि पेन्शनीशिवाय घरी बसला. मिरचीवाल्यानं पार्बताबाईंना कधी माफ केलं नाही. पार्बताबाईंनी सोडासोडी सोडली नाही, पण आसपासच्या गावात कोणी बाई अडली की त्या आधी रस्त्यावर जाऊन मोटार थांबवायच्या आणि स्वतः तिच्यासोबत अमरावतीला जायच्या. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना, मोटारी बंद पडल्या, त्या वर्षी त्या वारल्या. कौशल्याला पुढं तीन मुलं झाली, तिन्ही अकोल्याच्या दवाखान्यात, तिन्ही वेळेवर. ती ऐंशी वर्षं जगली. आणि ती मुलगी, शालू, तिला दर्यापूरला दिली. तिचा तिथं भाजीचा ठेला आहे. अजूनही ती रोज सकाळी त्यावर येऊन बसते, पण भाव मात्र आता सून सांगते.