सातव्या पानावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत खोटा आहे. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं. कोर्टातल्या पुराव्यांच्या या कपाटात माझ्या शेजारी खरे पासपोर्टही आहेत. बँका बुडवून पळालेले त्यांच्याच जोरावर देशोदेशी मानाने हिंडले.

माझा जन्म बँकॉकच्या एका छापखान्यात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे झाला. कारागीर हाताचा पक्का होता. त्याने फोटो लावला त्याल पार नावाच्या बाईचा आणि नाव घातलं कुणा लिम सिउ हुआचं.

त्याल म्यानमारच्या चिन डोंगरातली परिचारिका. मोर्चात गोळ्या लागलेल्या पोरांना तिने मलमपट्टी केली, म्हणून लष्कर तिच्या मागावर होतं. ज्यांच्यापासून पळायचं त्यांच्याकडेच पासपोर्ट मागायचा कसा? तिथे मी उपयोगी पडलो. याची मला लाज नाही, गर्व आहे.

फिलिपिन्सला, मनिलाच्या विमानतळावर बुस्तामांते नावाच्या अधिकाऱ्याने मला पाहिलं न पाहिलं आणि सातव्या पानावर धाडकन शिक्का मारला. मला मिळवून देणाऱ्या दलालाने त्यालला बजावलं होतं, "बाहेर पडलीस की पासपोर्ट फाड आणि गर्दीत मिसळ." ती चार पावलं गेली आणि थांबली. इंजेक्शन देण्याआधी रुग्णाचं नाव दोनदा मोठ्याने म्हणायचं, ही तिची बारा वर्षांची सवय. चुकीच्या नावावर दिलेलं औषध माणूस मारतं. आणि आता जन्मभर आपणच चुकीच्या नावावर जगायचं?

ती परत फिरली. "साहेब, हा पासपोर्ट खोटा आहे. माझं नाव त्याल पार. त्याल पार. मला आश्रय हवाय."

"अहो बाई," बुस्तामांते घाम पुसत पुटपुटला, "जायचं होतंत की गुपचूप! माझी नोकरी खाता का?"

नोकरी वाचवायला त्याने अहवालात लिहिलं : 'संशय येताच आरोपीस शिताफीने पकडले.' त्यालवर खटला भरला गेला. दोषी ठरली तर आधी तुरुंग, मग परत पाठवणी. म्हणजे थेट लष्कराच्या हाती.

तिच्या वकील लुनिंगनिंगबाई सुका आंबा चघळल्याशिवाय विचार करत नसत. सुनावणीत त्यांनी कायदा मांडला : जीव वाचवायला पळून आलेल्याला चोरून आल्याची शिक्षा करता येत नाही, मात्र त्याने ताबडतोब, स्वतःहून हजर व्हायला हवं.

"स्वतःहून कसली? मीच पकडली," बुस्तामांते म्हणाला. "एका नजरेत ओळखला खोटा पासपोर्ट."

"एका नजरेत?"

"वीस वर्षं घासलीयेत या खुर्चीत, वकीलबाई!"

"वा, दादा! मग सातवं पान उघडा. खोटा म्हणून ओळखलात, तर त्यावर 'प्रवेश मंजूर' कुणी मारलं? तुमच्या खुर्चीने?"

न्यायाधीशांनी मला डोळ्यांपाशी नेलं. बुस्तामांते पंख्याकडे बघू लागला. म्हणजे शिक्का बसल्यावर ती स्वतःहूनच परत फिरली होती. खटला रद्द झाला. फोटोखेरीज माझ्या अंगावरची एकुलती एक खरी गोष्ट, तो शिक्का, तिच्या कामी आला.

आता माझ्या पाठीला वाळवी लागली आहे. लागू दे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. जपायचंच असेल तर त्या कायद्याला जपा. तोही कागदच, कुणी उघडून वाचला नाही, की त्यालाही वाळवी लागते. मग दाराशी आलेल्याला 'का पळालास' हे कुणी विचारत नाही, 'कसा आलास' एवढंच विचारतात.

गेल्या महिन्यात त्याल एका सहीसाठी इथे आली होती. कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "नाव?"

तिने सांगितलं. मोठ्याने, दोनदा.