कुलूपवाल्याची साक्ष

कुलूपवाल्याने त्या निवडणुकीत मत दिलं ते अगदी मनापासून. नदीकाठच्या वस्तीत परके लोक घुसलेत, त्यांना हुसकून लावू, असं उमेदवार घसा फोडून सांगत होता आणि हा टाळ्या वाजवून हात लाल करून घेत होता. पुढे सरकार आलं, कायदा झाला. एका सकाळी वस्तीतल्या माणसांना नेसत्या कपड्यांनिशी बसमध्ये कोंबून छावणीत नेलं, आणि त्यांच्या घरांची कुलपं बदलायचं काम त्यालाच मिळालं.

तिसरं घर नर्सबाईंचं निघालं. बायकोच्या शेवटच्या दुखण्यात न चुकता येऊन इंजेक्शन देणाऱ्या नर्सबाई! त्यांचं नाव यादीत असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. कपाटाचा खण उघडेना, तो सोबतच्या सरकारी साहेबाने त्याला फोडायला लावला. आत बाईंच्या आजोबांचा रहिवासी दाखला होता, शिक्क्यासकट. साहेबाने वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला.

"तुम्ही काही पाहिलं नाही."

कुलूपवाल्याने मान खाली घालून नवं कुलूप बसवलं.

त्यानंतर त्याला अन्न गोड लागेना. मेहुण्याला सांगून पाहिलं.

"भावोजी, मत काय तुम्ही एकट्यानं दिलं? सगळ्यांनी दिलं. कशाला जिवाला लावून घेता?"

शेजारी तेच म्हणाले, गिऱ्हाइकं तेच म्हणाली. ज्याच्यापाशी मन उघडावं तो त्याला चुटकीसरशी मोकळं करून आपल्या कामाला लागे. हा आपला होता तिथेच. बायको असती तर चार शब्द सुनावले असते तिने, पण तीही नव्हती.

शेवटी दोन तास बसमध्ये बसून तो छावणीवर गेला. नर्सबाई तारेपलीकडे उभ्या राहिल्या. निम्म्याने वाळल्या होत्या.

"बाई, मी त्यांना मत दिलं होतं."

"हे सांगायला एवढ्या लांब आलात?"

"चैन पडेना."

"म्हणजे आता तुमची समजूतही मीच काढायची? इथे माझं अपील फेटाळलं जायची वेळ आलीय. दाखला नाही म्हणतात."

"होता. मी पाहिला."

"मग मला काय सांगता? कोर्टात सांगा."

त्याने सांगितलं. सरकारी वकिलाने डोळे वटारले, "खण तुम्हीच फोडलात ना? मग तुम्हीही गुन्हेगार!"

"हो साहेब. मला वगळून लिहू नका."

सरकारी काम बंद झालं. मेहुण्याने येणं सोडलं. दुकानाच्या शटरवर कुणीतरी 'घरभेदी' असं रंगवून गेलं. ते त्याने दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

आठ महिन्यांनी नर्सबाईंना घर परत मिळालं. कुलूप काढायला तोच गेला. बाईंनी किल्ली घेतली, "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत. त्यानेही तशी आशा धरली नव्हती, तरी पायरीवर क्षणभर पाय घुटमळलेच.

गल्लीत दोन्ही बाजूंना बंद दारं होती. प्रत्येकावर त्याच्याच हातचं कुलूप.

घरी येऊन त्याने सकाळचं उरलेलं गरम केलं, उभ्याउभ्याच खाल्लं. मग ताट बाजूला सारून बाईंच्या वकिलाला पत्र लिहायला बसला: 'पहिल्या घरात काय पाहिलं, तेही सांगायचं आहे.'