अर्ध्या तासाची चाकं

अंबरीषने हातमोजा काढला आणि टायरच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. रबर मऊ होतं. उमटलेली खूण हळूहळू बुजत गेली, तशी त्याने समाधानाने मान हलवली आणि शेजारच्या टायरवर पुन्हा तोच प्रयोग केला.

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या त्या शोरूममध्ये रविवारी सकाळी चांगली वर्दळ होती. नोव्हेंबर कलला की इथल्या लोकांना डोंगरातला बर्फ आठवतो आणि ज्याला त्याला थंडीची चाकं हवी असतात. कान्नो-सान नावाचा विक्रेता हातात टॅब्लेट धरून अदबीने उभा होता. गिऱ्हाईक नख रुतवून बघायला लागलं म्हणजे आता सकाळ यातच जाणार, हे त्याने ओळखलं असावं.

समोर दोन चाकं मांडली होती. एक कंपनीचं, म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनीच बनवलेलं. वजनाला हलकं, सपाट झाकणाचं, दिसायला स्टीलच्या ताटासारखं आणि बॅटरीला जपणारं. दुसरं बाहेरचं. जाड आऱ्यांचं, रुंद, जड. ते दिसायला रुबाबदार होतं, पण बॅटरी खाणारं होतं. आठवडाभर अंबरीषने या दोन चाकांचा पिच्छा पुरवला होता. ऑफिसात इशिदा-सानला विचारून झालं, व्हिडिओ बघून झाले, बायकोचं, सुनेत्राचं, डोकं खाऊन झालं. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून तो बॅटरीचे टक्के असे बघायचा, जसे लोक तापातल्या मुलाचा थर्मामीटर बघतात.

"कंपनीची घेतली तर एका चार्जमध्ये शाळा गाठतो," तो मागे वळून म्हणाला. "मध्ये कुठे थांबायला नको. तुला काय वाटतं, जुई?"

जुई भिंतीकडेच्या स्टुलावर फोन घेऊन बसली होती.

"बेत्सुनी," ती मान वर न करता म्हणाली.

गेली दोन-तीन वर्षं या एका जपानी शब्दावर तिचं सगळं भागत होतं. शाळा कशी चाललीय? बेत्सुनी. काही हवंय का? बेत्सुनी. काही नाही, विशेष नाही, तुमचं चालू द्या, असं सगळं त्यात यायचं. मराठी तिला कळायची सगळी. उत्तर मात्र जपानीतून यायचं, तेही हात आखडता घेऊन.

ती नागानोच्या डोंगरातल्या शाळेत वसतिगृहात राहायची. एक रविवार आड घरी येऊन संध्याकाळपर्यंत परत. बाकीची मुलं शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासाभरात पोचत. जुईला मात्र अंबरीष गाडीने सोडायचा आणि त्याला तीन तास लागायचे. सुनेत्राला घाटात गाडी लागायची, त्यामुळे ती दशम्यांचा डबा देऊन दारातून हात हलवायची. इतका खटाटोप कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याने सामानाचं कारण सांगितलं असतं. खरं इतकंच होतं की, त्या तीन तासांपलीकडे मुलगी त्याच्या वाट्याला येत नव्हती. त्यातही ती बहुतेक वेळ कानांत इअरफोन घालून झोपायची. पण शेजारच्या सीटवर असायची. एप्रिलमध्ये ती युनिव्हर्सिटीत जाणार, कुठल्या गावी कोण जाणे. हा शेवटचा हिवाळा होता, आणि तो त्याला हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

आणि तो जाण्याची भीती होती ती फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळमुळे.

त्या दिवशी थंडीने बॅटरी पिऊन टाकली होती. घाट सुरू व्हायच्या आधी चार टक्के उरले. अंबरीषने गाडी योकोकावाच्या थांब्यावर वळवून चार्जरला लावली. चार्जर अर्ध्या तासाचा. त्यातही वीज वाचावी म्हणून त्याने हीटर बंद केला. बाहेर बर्फ पडत होता, अगदी बिनआवाजाचा. बघता बघता काचा पांढऱ्या झाल्या, पार्किंग दिसेनासं झालं, ट्रक, दिवे, डोंगर सगळं पुसलं गेलं. गाडीत दुधी उजेड भरून राहिला. आपण कुठल्या देशात आहोत, किती वाजलेत, पुढे जायचंय की मागे, काही कळू नये असा तो उजेड होता. दोघांच्या गुडघ्यांवर मिळून एक गोधडी होती. जुईने मशीनमधून कॉर्न सूपचे गरम डबे आणले होते, आणि तळाशी चिकटलेले मक्याचे दाणे सुटावेत म्हणून ती डबा तळहातावर आपटत होती.

"तू लहानपणी थंडीत काय करायचास?" तिने विचारलं होतं. मराठीत.

मग त्याने तिला नाशिकच्या सकाळी सांगितल्या. जुईच्या आजोबांची स्कूटर थंडीत सुरू व्हायची नाही. आजोबा कानटोपी घालून यायचे, स्कूटरला चार शब्द ऐकवायचे आणि मग तिला पार तिरकी करायचे. ती तिरकी केली की पोटातलं उरलंसुरलं पेट्रोल खाली उतरायचं, आणि एक लाथ मारली की ती खोकत सुरू व्हायची. जुई हसत सुटली होती. इतकी, की आतून काचेवर वाफ धरली आणि तिने बोटाने त्यावर एक तिरकी स्कूटर काढली.

पण अंबरीषला त्या संध्याकाळचं आठवायचं ते वेगळंच. चार टक्के, मग अकरा, मग एकवीस. बोलताना त्याचा डोळा आकड्यावरच होता. गाडी निघाल्यावर त्याने जुईची तीनदा माफी मागितली आणि कानाला खडा लावला की पुन्हा मुलीला असं थंडीत कुडकुडत बसवायचं नाही. घरी सुनेत्रा म्हणाली होती, "परत असं झालं तर सरळ शिंकान्सेनमध्ये बसव तिला." जुईने त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिच्या गप्प राहण्याने त्याच्या जिवाला घोर लागला तो अजून होता.

"मग कंपनीचीच घेऊ," अंबरीष कान्नो-सानला म्हणाला.

"कोरे गा ईई," मागून आवाज आला. हे बरं आहे.

जुई कधी उठली ते त्याला कळलंच नव्हतं. ती बाहेरच्या चाकापाशी उभी होती, जाड आऱ्यांवर हात ठेवून.

"हे?" अंबरीष म्हणाला. "अगं, दिसायला ठीक आहे. पण जड आहे हे."

कान्नो-सान हळूच पुढे झाला. त्याने टॅब्लेट जुईपुढे धरला आणि जपानीत समजावून सांगितलं, की ही चाकं मजबूत आहेत, पण तुमच्या घाटाच्या रस्त्याला या गाडीला मध्ये एकदा चार्जिंगला थांबावं लागेल. साधारण अर्धा तास. हे आधीच सांगितलेलं बरं.

"हो, माहितीये," जुई त्याला जपानीत म्हणाली.

अंबरीषला वाईट वाटलं. आपण आठवडाभर जीव काढला आणि पोरगी आऱ्यांवर भाळली. तिला शिंकान्सेननेच जायचं असेल, तर गाडीला कुठली चाकं बसतात याचं तिला काय? त्याने आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

"आणि तिथे चार्जर बंद निघाला म्हणजे? बर्फात चार्ज संपला तर काय करशील?"

जुईने चाकावरचा हात काढला नाही.

"तर आजोबांसारखी गाडी तिरकी करू," ती म्हणाली.

मराठीत म्हणाली. आणि लगेच फोनमध्ये बघायला लागली, कानाच्या पाळ्या लाल करून.

अंबरीष तिच्याकडे बघतच राहिला. मग एकदा त्या ताटासारख्या चाकाकडे. त्याने कान्नो-सानला नुसतं बोटाने दाखवलं, जाड आऱ्यांचं. कान्नो-सानने दोनदा खात्री करून घेतली आणि वाकून आभार मानले. मऊ रबरावरची नखाची खूण तोवर पूर्ण बुजली होती.

*

डिसेंबरमधल्या त्यांच्या पहिल्या फेरीला आभाळ दुपारपासूनच खाली आलं होतं. नवी चाकं रस्त्यावर बारीक गुणगुणत होती. मागच्या सीटवर दशम्यांचा डबा होता, घडी घातलेली गोधडी होती. योकोकावाची पाटी दिसायला लागली तेव्हा अंबरीषने आकडा बघितला. वारा पाठीशी होता की काय, बॅटरी बरीच उरली होती. घाट चढून शाळेच्या फाटकापर्यंत सहज जाता आलं असतं.

जुईनेही आकडा बघितला. एक इअरफोन काढून हातात घेतला, आणि खिडकीबाहेर बघत बसली. काचेवर बर्फाचे पहिले कण येऊन विरघळत होते.

"पुरेल असं दिसतंय," अंबरीष म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "पण थांबूया का?"

"बेत्सुनी," जुई म्हणाली.

अंबरीषने इंडिकेटर दिला. ती तोवर वाकून, काढून ठेवलेले बूट चढवत होती.