खुणेचे तीन शब्द

सासरे आयुष्यभर कचेरीत टायपिस्ट होते. बोटं चालायची, तोंड क्वचितच. घरातलं बोलण्याचं खातं सासूबाईंकडे, आणि ते त्या चोख सांभाळत.

जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा ठरला, तेव्हा सुनेनं त्यातल्या फायली आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. त्यातली एक सोळा वर्षं लिहिली जात होती. उघडली, तर पडद्यावर चौकोन, टोप्या घातलेली परकी अक्षरं आणि उलटीसुलटी चिन्हं.

"बाबा, हे काय आहे?"

सासरे गोरेमोरे झाले. "काही नाही. पुसून टाक."

"पुसून टाक म्हणजे?" सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "सोळा वर्षं काय खरडत होतात? आता मला कळल्याशिवाय चैन पडायचं नाही!"

सुनेनं खुर्ची ओढली. "आई, मशीनला अक्षर कळतच नाही. त्याच्याकडे नुसती बटणं, चालू नाहीतर बंद. आठ बटणांचं एक अक्षर." तिनं कागदावर ०१००१०११ असं लिहिलं. "उजवीकडून मोजा. पहिल्याची किंमत एक, पुढच्याची दोन, मग चार, अशी दुप्पट होत जाते. चालू असतील तेवढ्यांची बेरीज करायची. एक, दोन, आठ, चौसष्ट. झाले पंच्याहत्तर. आता पंच्याहत्तर म्हणजे कुठला आकार, हे बाबांच्या जुन्या फाँटला ठाऊक होतं. तो फाँट जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेला. आकडे जसेच्या तसे आहेत, वाचणारा हरवलाय."

"मग शोध त्याला."

"एखादं वाक्य माहीत असेल, तर धागा मिळेल. बघा, प्रत्येक ओळीची सुरुवात सारखीच आहे. बाबा, काय आहे हो ते?"

सासऱ्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पुटपुटले, "आज ही म्हणाली."

सासूबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

त्या तीन शब्दांतून सात-आठ आकार सुटले. त्यांच्या आधारानं पुढचे शब्द ओळखायचे, अडलं की सासऱ्यांना विचारायचं. संध्याकाळपर्यंत पहिली ओळ लागली. सुनेनं मोठ्यानं वाचली: "आज ही म्हणाली, तुमच्यापेक्षा दाराची कडी जास्त बोलते."

सासूबाई खो-खो हसल्या आणि एकदम डोळ्याला पदर लावून बसल्या. "एवढं ऐकत होतात? मला वाटायचं, मी भिंतीशी बोलते."

"ऐकत होतो," सासरे म्हणाले. "उत्तर सुचेपर्यंत तुझा विषय बदललेला असायचा."

पुढचे पंधरा दिवस दुपारी तिघंही लॅपटॉपसमोर बसत. सासूबाई मध्येच अडवायच्या, "हे मी असं म्हटलंच नव्हतं!" आणि सासरे, ज्यांनी जन्मात कधी वाद घातला नव्हता, ते ठासून सांगायचे, "म्हटलं होतंस. गॅलरीत कपडे वाळत घालताना."

शेवटी सुनेनं सगळं नीट छापून बांधून दिलं. सासूबाईंनी चष्मा चढवला, पहिलं पान उलटलं आणि बहिणीला फोन लावला. "ऐक गं, मी काय काय बोलले ते वाचून दाखवते. वेळ आहे ना तुला?"

सासरे शेजारची खुर्ची ओढून ऐकायला बसले.