टांगत्या कोटांची पेटी

पेटीचं दार उघडलं आणि आधी एक राखाडी बाही बाहेर लोंबली. तिच्यामागून उरलेला कोट घसरला, मग आणखी दोन आले, आणि बघता बघता फूटपट्टीच्या बुटांवर कोटांचा ढीग साचला. ही चौथी चाचणी होती. आवारातल्या खडबडीत वाटेवर ट्रकच्या फक्त बारा फेऱ्या झाल्या होत्या. अजून जहाज नाही, समुद्र नाही, वादळ तर नाहीच नाही.

"वरच्या दांडीवरच्या तीनशेतले दोनशे बारा पडले," मोजणी करणारा कारकून म्हणाला. "मागच्या वेळेपेक्षा चार कमी."

"मग पेढे वाटा," फूटपट्टी खेकसला.

फूटपट्टी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण कारखान्यात त्याला दुसऱ्या नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पोलादी पट्टी, आणि बोलता बोलता समोरच्या टेबलाची जाडी मोजायची सवय. माणूस हुशार होता, यात वाद नाही. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच लवकर कळलं होतं.

कारखाना कोटांचा. आतापर्यंत कोट घडी घालून खोक्यांतून समुद्रापार जायचे आणि पोचेपर्यंत असे चुरगळायचे की तिकडच्यांना ते पुन्हा इस्त्री करावे लागत. शेवटी ग्राहक वैतागला. म्हणाला, कोट टांगलेलेच पाठवा, आम्ही उतरवून थेट दुकानात लावू. झालं, ते काम फूटपट्टीच्या गळ्यात पडलं. साध्या मालवाहू कंटेनरच्या आत दांड्या बसवायच्या आणि कोट हँगरसकट तिथे टांगायचे. ऐकायला किती सोपं! गेले सहा महिने तो त्या एका पेटीपायी झुरत होता. बायकोशी बोलताना मध्येच थांबून छताकडे बघत बसायचा.

त्यानं पेटीचे दोन मजले केले होते. वर एक दांड्यांची ओळ, खाली एक. एकच मजला ठेवला तर अर्ध्या पेटीतून नुसती हवा वाहून न्यायची, ते कुणालाच परवडणार नव्हतं. पण साडेतीन फुटी कोटांचे दोन मजले एका पेटीत मावणं म्हणजे काठावर पास होणं. म्हणून त्यानं वरची दांडी उचलली, आणखी उचलली, आणि जवळजवळ छताला टेकवली. त्या दांडीचा त्याला भारी अभिमान होता.

कोट टांगायचं काम इस्त्रीखात्यातल्या बायकांकडे होतं. हमालांचे हात काळे, म्हणून त्यांना पेटीत पाय ठेवायला मनाई. अकरा बायका पायात मोजे घालून आत जायच्या आणि हातावर मावतील तेवढे कोट उचलून टांगायच्या. त्यांची प्रमुख म्हणजे फूटपट्टीची सख्खी मोठी बहीण. नऊ वर्षांनी मोठी. तिला सगळा कारखाना ताई म्हणायचा. कुणाच्या कोटाला जास्त तापल्या इस्त्रीची नको ती चकाकी आलेली तिला दारातून दिसायची.

पेटीच्या दारावर फूटपट्टीनं स्वतः काढलेलं चित्र चिकटवलं होतं. एका हँगरच्या आकड्याचं तोंड आत, पुढच्याचं बाहेर दाराकडे, असे आलटून पालटून. तशी टांगणी केली की धक्का कुठूनही बसू दे, सगळे आकडे एकदम सुटत नाहीत, शेजारचे त्यांना अडवून धरतात. कार्यशाळेत त्यानं दांड्यांचा लोखंडी सांगाडा उभा करून दोन दिवस गदागदा हलवला होता. एकही कोट पडला नव्हता. आणि पेटीत? वरच्या दांडीवरच्या प्रत्येक आकड्याचं तोंड आत! खालच्या मजल्यावर मात्र सगळं चित्रात दाखवल्यासारखं. ट्रक हिसक्यानं सुटला की वरची पलटण जागा सोडून दाराकडे धावायची.

"खाली जमतं, मग वर का जमत नाही?" त्यानं त्या दिवशी बायकांना विचारलं.

"वर तसं बसत नाही हो," त्यातली एक म्हणाली.

"बसत कसं नाही? मी बसवलंय ना! हात वर करायचा कंटाळा, दुसरं काय?"

ताई कोट झटकून उचलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू एकदा आत येऊन टांगून बघ."

"ताई, पेटीतला इंच न् इंच मी मोजलाय. तू इस्त्रीचं बघ."

ताईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हातातला कोट दुसऱ्या हातावर टाकला.

आता उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला कोण काय सांगणार! तो तरातरा आपल्या खोलीत गेला, दार आपटलं आणि अहवाल लिहायला बसला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. सहा महिने डोकं झिजवायचं आपण आणि पाणी फिरवायचं दुसऱ्यांनी! लिहिलं तेही रागातच: रचनेत दोष नाही. लेखी सूचना देऊनही टांगणी करणाऱ्यांनी त्या पाळल्या नाहीत. चारही चाचण्या त्यामुळे फसल्या. ताईचं नाव त्यानं लिहिलं नाही. त्याला वाटलं, तेवढं सांभाळलं म्हणजे झालं.

व्यवस्थापकांनी अहवाल उभ्या उभ्या वाचला.

"म्हणजे पेटी ठीक आहे?"

"एकदम ठीक."

"मग प्रश्नच मिटला. टांगणी ठेकेदाराच्या माणसांना देऊ. सूचना न पाळणाऱ्या या अकरा जणी पुढच्या महिन्यापासून कामावर नकोत. ताईंना इथे बोलावतो आणि सांगतो."

हे फूटपट्टीनं लिहिलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. "तसं नाही, साहेब," एवढं तोंडाशी आलं. पण चार वेळा तोंडावर आपटलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणी तरी 'पेटी ठीक आहे' म्हणालं होतं. ते ऐकायला फार बरं वाटलं होतं. तो मान हलवून बाहेर पडला. दुपारी रोज तो ताईसोबत जेवायचा. त्या दिवशी त्यानं डबा उघडलाच नाही.

तीन वाजता ताई त्याच्या दारात उभी राहिली. हातात हँगरला लावलेला कोट, पायात नुसते मोजे.

"चल," ती म्हणाली.

"ताई, ऐक, मी तुझं नाव—"

"चल म्हटलं ना."

ती पुढे आणि तो मागे. लहानपणी शाळेतून त्याची तक्रार आली की ती त्याला असंच न्यायची. पेटीशी तिनं त्याला बूट काढायला लावले. आत जुनी चादर अंथरलेली होती. वरच्या दांडीवरचे कोट उतरवलेले होते. तिनं हातातला कोट त्याच्यापुढे धरला.

"घे. तुझ्या चित्रात आहे तसा टांग. तोंड बाहेर."

त्यानं कोट घेतला. आकड्याचं तोंड आपल्याकडे करायचं, म्हणजे आकडा दांडीच्या पलीकडे नेऊन खाली टेकवायचा. त्यानं हात वर केला. आकडा छताला खट्कन लागला. त्यानं तो तिरका केला, तर पुन्हा लागला. मनगट वाकवलं, बोटं दांडीच्या आणि छताच्या मधे सारली आणि जोर लावला. छताच्या आतून पत्र्याला आधार देणारी एक लोखंडी पट्टी होती, तिच्या कडेवर त्याची बोटं खरवडली. त्यानं हात ओढला. चार बोटांच्या सांध्यांवरची साल निघाली होती.

"पुन्हा कर," ताई म्हणाली. "असे तीनशे टांगायचे असतात."

त्यानं पुन्हा केलं. कोट बसला नाही. उलट बाजूनं, तोंड आत करून, मात्र तो एका झटक्यात सरकला. बसायला तेवढीच एक वाट होती.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कार्यशाळेतल्या त्याच्या सांगाड्याला छतच नव्हतं. चार खांब, दोन दांड्या आणि वर मोकळी हवा. पेटीत तो पन्नास वेळा आला होता, पण दर वेळी हातात पट्टी घेऊन. कोट घेऊन एकदाही आला नव्हता.

ताईनं आपले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. सांध्यांवर जुन्या खपल्या, त्यांवर नव्या. "अकरा जणींचे असेच आहेत," ती म्हणाली. "कोटांना रक्त लागू नये म्हणून चिंध्या गुंडाळून टांगतो. आणि तू लिहिलंस, कंटाळा करतात."

"तसं नाही लिहिलं—"

"मग काय लिहिलंस?"

त्यानं जे लिहिलं होतं ते त्याहून वाईट होतं. शरमेनं त्याचे कान तापले. तो बूट न घालताच व्यवस्थापकांकडे गेला.

"अहवाल चुकलाय," तो म्हणाला. "बायकांची चूक नाही. माझी आहे. वरची दांडी चार बोटं खाली घ्यायला हवी."

"मग घ्या."

"वरची खाली आली की खालचीही घ्यावी लागते. मग खालचे कोट जमिनीला टेकतात."

"म्हणजे दोन मजले होत नाहीत?"

"नाही होत."

व्यवस्थापकांनी चष्मा काढला. "सहा महिन्यांनी सांगताय? पाचवी चाचणी मिळणार नाही. बघा बुवा. पहिला अहवाल राहिला तर ठेकेदाराची माणसं ठोकून ठाकून काही तरी करतील, पेटी चालू राहील. बदललात तर पेटी रद्द, माल पुन्हा खोक्यांतून. बायका राहतील इस्त्रीला. काय ते ठरवा."

त्यानं तिथेच उभ्यानं कागद मागितला. सोललेल्या बोटांत पेन धरवत नव्हतं. रचनेत दोष आहे, तो माझा आहे, एवढंच लिहून त्यानं सही केली. व्यवस्थापकांनी पहिला अहवाल फाडला आणि पेटीच्या आराखड्यावर लाल रेघ मारली. सहा महिन्यांच्या कामावर रेघ मारायला दोन सेकंद लागले. फूटपट्टीला रडू यायच्या बेतात होतं, पण मोज्यांवर उभं राहून रडणं बरं दिसलं नसतं.

इस्त्रीखात्यात वाफ भरून राहिली होती. ताई एका कोटाची कॉलर दाबत होती.

"अकरा जणी राहतायत," तो म्हणाला. "पेटी रद्द झाली."

त्याला वाटलं होतं, ती खूश होईल, नाही तर निदान दोन शिव्या तरी घालेल. तिनं इस्त्री उभी केली. "रद्द? का?"

"दांडी चार बोटं खाली घेतली की खालचे कोट जमिनीला लागतात. मी खूप मोजलंय. नाही बसत."

"कुठले कोट?"

"कुठले म्हणजे? साडेतीन फुटी. सगळे."

"अरे, सगळे कुठे साडेतीन फुटी असतात?" ताईचा आवाज चढला. "त्याच ग्राहकाला लहान मुलांचे कोट जात नाहीत का? चौथ्या टेबलावर बघ, ढीग पडलाय. अडीच फूटसुद्धा नसतील. ते वेगळ्या खोक्यांतून पाठवता तुम्ही. खाली ते टांगायचे, वर मोठे."

फूटपट्टीनं चौथ्या टेबलाकडे पाहिलं. लाल, निळे, छोट्या बाह्यांचे कोट गळ्यापर्यंत रचले होते. तो रोज त्यांच्या बाजूनं जायचा. त्याचा हात सवयीनं खिशातल्या पट्टीकडे गेला आणि तसाच थांबला. मोजायची गरजच नव्हती.

"हे आधी का नाही सांगितलंस?" तो जवळजवळ ओरडला.

"दांडी एवढी वर का नेलीस, हे तू मला कधी सांगितलंस? मला वाटायचं, तुझं काही तरी मोठं शास्त्र असेल." तिचे डोळे भरून आले होते, रागानं की कशानं ते तिलाही कळलं नसावं. "सहा महिने हात सोलून घेतले आम्ही. आणि तूही."

"आता काय उपयोग? त्यांनी रेघ मारली. ते माझं ऐकायचे नाहीत."

"तुझं कशाला ऐकतील?" ताईनं इस्त्रीची वायर काढली, चौथ्या टेबलावरून एक लाल कोट उचलला, बाजूच्या दांडीवरून एक मोठा घेतला आणि दोन्ही हातांवर टाकले. बाकीच्या दहा जणींनी हातातलं काम ठेवलं. "चल. मी बोलते. तू फक्त सोबत ये, आणि मधे एक अक्षर बोलू नकोस."

तिच्या हातावरचा मोठा कोट त्यानं आपल्या हातावर घेतला आणि तिच्या मागून चालू लागला.